परत येणाऱ्यांचा बॅनर कोण लावणार?

पहाटे साडेचारला कनेरगाव नाक्यावर उभं राहिलात तर आधी ट्रकचे दिवे दिसतात, मग पोरं. अकोला-नांदेड महामार्गाच्या कडेनं, कुणी वाशिमच्या दिशेनं, कुणी हिंगोलीच्या, पाच-सहाच्या घोळक्यानं पळत असतात. एकाच्या मुठीत मोबाइल, त्यात स्टॉपवॉच चालू. मैदान नाही म्हणून रस्ता. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहायचं आणि मागून हॉर्न आला की मुरमावर उतरायचं, एवढंच आमचं पहिलं लष्करी शिक्षण. मी या रस्त्यावर तीन हिवाळे पळालो. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं, पूर्ण गुण. माझी वेळ पाच बावन्नच्या खाली कधी आलीच नाही, म्हणून मी आज हे लिहीत बसलोय. माझ्यासोबत पळणारा आतेभाऊ साडेपाचच्या आत आला, म्हणून तो आज उत्तरेत कुठंतरी बर्फात उभा आहे. आणि त्याची चार वर्षं संपत आलीयत.

तो गेला तेव्हा नाक्यावर बॅनर लागला होता. मधे त्याचा फोटो, भोवती गावातल्या आणि तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे चेहरे, तेही त्याच्या फोटोपेक्षा ठळक. डीजे होता, गुलाल होता. आत्या रडत होती आणि लोक तिचा व्हिडिओ काढत होते. त्या बॅनरवर 'चार वर्षांसाठी' असं कुणी छापलं नव्हतं.

१४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली. त्याआधीची दोन वर्षं कोरोनामुळे सैन्यभरती बंदच होती. आमच्यातली काही पोरं शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी पार करून फक्त लेखी परीक्षेची वाट बघत होती. ती सगळी अर्धवट राहिलेली भरती रद्द झाली. वय निघून गेलेल्यांसाठी त्या एका वर्षापुरती मर्यादा एकवीसवरून तेवीस केली, आणि दिल्लीच्या दृष्टीनं विषय संपला. पोरं कोर्टात गेली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना नाही म्हटलं. आता त्यातला एक आमच्याकडे हळदीच्या कारखान्यात पोती मोजतो. त्याच्याशी पळण्याचा विषय काढायचा नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

योजना अशी: चार वर्षं नोकरी, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते म्हणजे घरी आलेल्याला 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. कँटीन नाही, माजी सैनिकांच्या दवाखान्याची सोय नाही. वर्षाची रजा तीस दिवस, शेजारच्या खाटेवरच्या नियमित जवानाला नव्वद. बंदूक एकच, पहारा एकच, थंडी एकच.

याला उत्तर म्हणून गावात एक आकडा फिरतो: अकरा लाख एकाहत्तर हजार. "इतक्या लहान वयात इतके पैसे कुठं मिळतात रे?" चहाच्या टपरीवर मला हे दहा वेळा ऐकवलं गेलंय. तेव्हा एकदा हिशेब मांडूच. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, मग ३६,५००, शेवटी ४०,०००. यातले तीस टक्के दर महिन्याला कापून सेवा निधीत जातात. चार वर्षांची ही कपात होते सुमारे ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालतं, वर व्याज. म्हणजे ज्या रकमेला आपण सरकारची देणगी समजून हात जोडतो, तिच्यातला जवळपास अर्धा वाटा त्या पोराच्याच पगारातून कापलेला असतो. पहिल्या वर्षी त्याच्या हातात महिन्याला २१,००० पडतात. आत्याच्या घरी त्यातले बहुतेक पैसे बहिणीच्या लग्नाच्या कर्जात गेले. राहिलेला निधी घराच्या स्लॅबमध्ये जाईल. मग पंचविशीतल्या माणसानं काय करायचं?

हे झालं जिवंत परत येणाऱ्यांचं.

आमच्यापासून फार लांब नाही, बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते. ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचिनवर कर्तव्यावर असताना गेला. सियाचिनवर प्राण देणारा पहिला अग्निवीर. त्याच्या घरच्यांना काय मिळणार यावरून देशभर आरोप-प्रत्यारोप झाले आणि लष्कराला रकमांची यादी जाहीर करावी लागली: विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार, वगैरे. बेरीज एक कोटीच्या वर जाते. रक्कम मोठी आहे, मी नाकारत नाही. पण त्या यादीत आयुष्यभराची कुटुंब पेन्शन नव्हती. नियमित जवान गेला तर त्याच्या घरच्यांना ती मिळते.

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात मुरली नाईक हा अग्निवीर गेला. घर मूळचं आंध्रातलं, आईवडील मुंबईत घाटकोपरला कष्ट करून राहिलेले. त्याच्या आईला नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. आईनं न्यायालयात जाऊन सिद्ध करायचं की तिचं पोर पूर्णवेळ मेलंय! सीमेपलीकडून आलेला तोफगोळा नेमणुकीची अट वाचून फुटत नाही.

मरायला सीमेवरच जावं लागतं असंही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये नाशिकजवळ देवळालीला सरावात तोफेचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. बातमी दोन दिवस चालली.

दुसरी बाजू मला माहीत आहे. लष्कर तरुण हवं, पेन्शनचा बोजा वाढतोय, तोच पैसा शस्त्रांना लागतो. यात तथ्य आहे. डोंगरावर पंचविशीचा जवान चाळिशीच्या जवानापेक्षा उपयोगी, हे समजायला सेनापती असावं लागत नाही. पण मग बचत कुणाच्या ताटातून करायची, हा प्रश्न उरतोच. आमदार-खासदारांची पेन्शन एका टर्मवर सुरू होते. बोजाची भाषा तिथं कुणी काढल्याचं मी ऐकलं नाही. आणि बचत करायचीच असेल तर किमान मेलेल्याच्या आणि कायमचं अपंगत्व आलेल्याच्या बाबतीत तरी करू नका. अग्निवीर पन्नास टक्के अपंग झाला तर १५ लाख एकदाच, पंच्याहत्तर टक्क्यांना २५, शंभर टक्क्यांना ४४. वीस वर्षांच्या पोराचा पाय गेला तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या एकाच चेकवर.

सैनिक वापरून परत पाठवायचे, हे आमच्या भागाला नवं नाही म्हणा. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या पैशानं पोसलेली, इंग्रजांच्या हुकमात चालणारी फौज. १९०३मध्ये ती इंग्रजांच्या सैन्यात विलीन झाली, छावणी उठली. त्याच फौजेतून पुढं हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट ठेवलं गेलं. हे मी इथल्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना खोटं वाटतं.

पण सगळा राग दिल्लीवर काढून मला मोकळं व्हायचं नाही. बॅनर दिल्लीनं लावला नव्हता. भरतीपूर्व अकॅडमी काढून शेतकऱ्यांच्या पोरांकडून वर्षाची फी घेणारे आपलेच आहेत. मी ज्या अकॅडमीत होतो तिथं गुडघ्याला सूज आली तर बर्फ लावून पुन्हा पळवायचे आणि दुखणं सांगणाऱ्याला 'बाई' म्हणायचे. माझा डावा गुडघा अजून जिना चढताना आवाज करतो. तिथल्या भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो होते. चार वर्षांनी काय, हा प्रश्न तिथं विचारणं म्हणजे अपशकुन. स्टेटसला तिरंगा ठेवणारे आपण सगळे त्याच भिंतीतले. आपल्याला जाणारा जवान हवा असतो, किंवा पेटीत आलेला. एसटीतून पिशवी घेऊन उतरणारा, नोकरी मागणारा जवान आपल्याला ओळखू येत नाही.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३च्या सुरुवातीला सुरू झालं होतं. २०२६ संपता संपता यातले बहुतेक परत यायला लागतील. केंद्रीय दलांमध्ये राखीव जागा आहेत, राज्यांची आश्वासनं आहेत. पण त्यांनाही पुन्हा फॉर्म भरायचा, पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि जमलं तर पुन्हा पळायचं. म्हणून मी ग्रामसभेत एक साधा ठराव मांडणार आहे: परतलेल्या प्रत्येक अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा द्यावा आणि कर्तव्यावर गेलेल्याच्या घरी नियमित जवानाइतकीच पेन्शन यावी, अशी मागणी गावानं लेखी करावी. एका ग्रामपंचायतीच्या ठरावानं काय होतं, असं सरपंचांनी मला आधीच विचारलंय. बॅनर लावताना हे कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी आतेभावाचा फोन आला. रेंज येत-जात होती. हवा कशीय, सोयाबीन किती झालं, आईची शुगर किती, सगळं विचारून झालं. मग थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाला, "दादा, पुण्यात एटीएमवर गार्डला किती देतात रे? बारा तासांचे."