मालगाडीची वाट पाहणारे

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एखादा तरी माणूस असा असतो कीं, त्याच्या छंदाचा अर्थ घरांतल्या इतरांना शेवटपर्यंत लागत नाहीं. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं घांसत बसतो, कोणी पंचांगांतील ग्रहणांचीं टिपणें करून ठेवतो. हे छंद घरांत बसून चालतात, म्हणून त्यांना कोणी फारशी हरकत घेत नाहीं. परंतु आमचा सर्वांत धाकटा पुतण्या बारावीच्या वर्षांत पहाटे साडेचार वाजतां सायकल काढून जाऊं लागला, आणि विचारल्यावर "मालगाडी पाहावयास जातों" असें उत्तर देऊं लागला, तेव्हां प्रकरण आमच्यापर्यंत आलें. एखादी नवी कोरी प्रवासी गाडी पाहावयास गेला असता, तर त्याचे वडील कदाचित् गप्प बसले असते. मालगाडी म्हटल्यावर मात्र त्यांचा संयम सुटला.

ही २०२३ सालच्या हिवाळ्यांतली गोष्ट. घरांत आम्ही वयानें वडील, तेव्हां निवाडा आम्हीं करावा असें ठरलें. निवाडा करण्यापूर्वीं तो काय पाहतो हें एकदां डोळ्यांनीं पाहून यावें, असें आम्हांस वाटलें. धाकट्या बंधूंनीं एक युक्ति योजिली. आमच्याच पेठेंत रेल्वेंतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. हल्लीं त्या हुद्द्याला 'लोको पायलट' म्हणतात, पण आम्ही सारे त्यांस नानाच म्हणतों. नानांनाहि बरोबर न्यावें. ज्यांनीं आयुष्यभर इंजिनाचा धूर खाल्ला ते पोराला त्या धुराचें खरें स्वरूप सांगतील, असा त्यांचा हिशेब होता.

बाळ्याच्या स्टेशनावर आम्ही पोहोंचलों तेव्हां उजाडलें नव्हतें. आमच्या चिरंजीवांसारखेच आणखी तिघे तेथें आधींच हजर होते. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, एक बँकेंतले कारकून आणि एक सुताचे व्यापारी. व्यापारी गृहस्थांनीं घरून चहाचा थर्मास आणला होता. चौघांनाहि एकाच गाडीची वाट होती : पाकणीच्या तेलाच्या डेपोकडे टाक्यांचे वाघिणे घेऊन येणारी. तिला जुन्या घडणीचें डिझेल इंजिन जोडलेलें आहे, अशी बातमी त्यांना लागली होती. बातमी कोठून लागते, हें आम्हीं विचारलें नाहीं. अशा मंडळींना ती लागतेच.

मध्यंतरीं वेळ पुष्कळ होता, त्यामुळें आमचें शिक्षण झालें. इंजिनावर जीं अक्षरें लिहिलेलीं असतात तीं आजवर आम्ही एक प्रकारची रेल्वेची नक्षीच समजत होतों. तसें नाहीं. पहिलें अक्षर रुळांचें माप सांगतें : 'डब्ल्यू' म्हणजे रुंद माप, 'वाय' म्हणजे मीटर माप, 'झेड' म्हणजे अडीच फुटी. दुसरें अक्षर शक्ति सांगतें, 'डी' म्हणजे डिझेल. आणि तिसरें काम, 'जी' म्हणजे माल, 'पी' म्हणजे प्रवासी, 'एम' म्हणजे दोन्ही, 'एस' म्हणजे यार्डांतली ढकलाढकल. वाघिण्यांचेंहि तसेंच. 'बॉक्सएन' हा उघड्या तोंडाचा, कोळशासाठीं. 'बीसीएन' हा झांकलेला, सिमेंट, धान्य आणि साखरेसाठीं. 'बीटीपीएन' ही तेलाची टाकी. पोरानें हें इतक्या ओघानें सांगितलें कीं, रामरक्षा पाठ करतांना हाच मुलगा तिसऱ्या श्लोकावर अडखळत असे हें आठवून आम्हांस मौज वाटली.

त्या पहिल्या अक्षराची गंमत अशी कीं, तिन्ही मापें आमच्या ह्या एका जिल्ह्यांत नांदून गेलेलीं आहेत. पुण्याहून निघालेला रुंद मार्ग १८६० सालीं सोलापुरास आला, आणि पुढें १८७१ सालीं रायचुरास मद्रासकडच्या मार्गाला मिळाला. होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारा मीटर मापाचा मार्ग १८८४ च्या सुमाराचा. कुर्डुवाडीहून निघणारी अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअरनें ती बांधली. एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, असा नियम घालून त्यानें हलक्या रुळांवरून भारी माल नेऊन दाखविला. ती गाडी १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचली. माप बदललें कीं माल उतरवावा लागे. कुर्डुवाडीस आणि होटगीस एका गाडीतलें पोतें हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या गाडींत जाई. आतां हे सारे मार्ग रुंद झाले आहेत. विजापूर-गदगचें काम २००८ च्या सुमारास आणि पंढरपूर-मिरजेचें २०११ च्या सुमारास पुरें झालें. लातूरची डाळ आतां वाटेंत न उतरतां जाते. हें चांगलेंच झालें. पाठीवर पोतीं वाहण्याच्या त्या कामाबद्दल हळहळणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

ह्या मंडळींचा जीव ज्या इंजिनावर आहे त्याचें घराणें मात्र परदेशी. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील स्केनेक्टडी गांवीं 'अल्को' नांवाची कंपनी होती. तिच्या नमुन्याचीं, २६०० अश्वशक्तीचीं, 'डब्ल्यू डी एम टू' हीं इंजिनें १९६२ सालीं आपल्याकडे आलीं, आणि जानेवारी १९६४ मध्यें वाराणसीच्या कारखान्यांतून तसलें पहिलें देशी इंजिन बाहेर पडलें. मूळ कंपनी १९६९ सालींच बंद पडली. वाराणसीस मात्र 'डब्ल्यू डी एम टू' १९९८ पर्यंत घडत राहिलीं, अडीच हजारांहून अधिक. माहेर बुडालें तरी सासरीं लेक सुखानें नांदावी, तसा हा प्रकार. त्याच यंत्राची शक्ति ३१०० पर्यंत वाढवून मालगाडीसाठीं केलेलें रूप म्हणजे 'डब्ल्यू डी जी थ्री ए'. ज्याची वाट आम्ही त्या पहाटे पाहत होतों, तें हेंच.

आणि तें आलें.

आधीं आवाज आला. ह्या यंत्रांत सोळा सिलिंडर असतात, आणि मूळ रचनेंत तें उभें असतांना मिनिटाला चारशें फेरे घेतें, पूर्ण जोरांत हजार. त्याचा नाद नव्या इंजिनांसारखा सलग नसतो. त्यांत एक ठेका असतो, जड आणि किंचित् लंगडा. बाळ्याच्या सिग्नलला गाडी थांबली. पिवळा दिवा मिळाला, ड्रायव्हरनें दांडा पुढें सारला, आणि इंजिनाच्या माथ्यावरून काळ्याभोर धुराचा एक खांब सरळ आकाशांत गेला. चौघांनींहि आपापले मोबाईल वर धरले होते. सुताचे व्यापारी पन्नाशीचे असावेत, त्यांच्या तोंडून "वाहवा!" असा उद्गार निघाला, गाण्याच्या बैठकींत निघतो तसा. खरें सांगावयाचें तर आम्हींहि क्षणभर चष्मा सांवरला.

नाना स्वस्थ होते. गाडी गेल्यावर त्यांनीं पोराला जवळ बोलाविलें.

"काय पाहिलेंस रे?"

"आजोबा, धूर पाहिलात ना? असा हल्लीं दिसत नाहीं."

"तो न दिसावा म्हणून आम्हीं तीस वर्षें हात संभाळला," नाना म्हणाले. "धूर म्हणजे न जळलेलें तेल, बाळ. हा दांडा आठ घरांचा. एकेक घर सावकाश सोडावयाचें असतें. एकदम पुढें सारलास तर तेल लगेच जातें, पण हवा लगेच येत नाहीं. हवा कोंबणारें चाक धुराच्या वाफार्‍यावर फिरतें, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यांत हें असें काळें बाहेर पडतें. आमच्या इन्स्पेक्टरानें पाहिलें असतें तर तुम्ही वाहवा म्हणालांत त्याच्याबद्दल त्यानें शेरा लिहिला असता."

पोराचा चेहरा उतरला. नानांनीं तेथेंच थांबावयास हवें होतें, पण निवृत्त माणसाला श्रोता मिळाला कीं तो थांबत नाहीं. लांब नाक पुढें करून हें इंजिन चालवावें लागे तेव्हां समोरचें अर्धें दिसत नसे. एका बाजूचा सिग्नल सहाय्यकानें ओरडून सांगावयाचा आणि आपण तो त्याच्या भरंवशावर मानावयाचा. वैशाखांत वाडीच्या बाजूला गाडी साइडिंगला टाकली कीं केबिनचा पत्रा हात लावूं देत नसे, आणि प्रवासी गाड्या एकामागून एक पुढें काढल्या जात. घरून आणलेली भाकरी दुपारीं खावयाची कीं मध्यरात्रीं, हें कंट्रोलरच्या हातीं. सणाच्या दिवशीं मुलांनीं विचारावें, बाबा कोठें आहेत, आणि आईनें सांगावें, मालगाडीवर. म्हणजे परतण्याची वेळ विचारूं नये. नानांना आतां डाव्या कानानें फारच कमी ऐकूं येतें. ज्या नादासाठीं हीं मंडळी पहाटे उठतात, तो त्यांनीं इतका ऐकला कीं आतां दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं.

हा सर्व मजकूर आमच्या बंधूंच्या हिशेबाप्रमाणेंच चालला होता. पुढें मात्र हिशेब चुकला. नानांनीं पोराची वही मागून घेतली. तारीख, इंजिनाचा नंबर, शेड, वाघिण्यांची जात, त्यांची संख्या, कोठून कोठें, अशीं त्यांत सुबक खानीं आंखलेलीं होतीं. नाना प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून चष्मा वर करून पंधरा मिनिटें ती वही वाचीत राहिले. होटगीच्या सिमेंटच्या गाड्या, फताटेवाडीच्या वीजकेंद्राचा कोळसा, साखरेचा हंगाम सुरू होतांच वाढलेले झांकलेले वाघिणे, सारें त्यांत होतें. मुलाच्या थोरल्या बहिणीनें दिलेल्या एका जुन्या पानावर सांगोल्याची नोंद होती : २८ डिसेंबर २०२०, शंभरावी किसान रेल्वे, सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला. नाना मध्येंच म्हणाले, "हा आंकडा चूक. एवढे वाघिणे त्या लाइनींत मावत नाहींत." पोरानें तत्काळ खोडून दुरुस्त केलें. मग त्यांनीं विचारलें, "इंजिनाचा नंबर लिहितोस. चालविणाऱ्याचा रकाना कोठें आहे?"

त्याला उत्तर नव्हतें. आमच्यापाशींहि नव्हतें.

परत येतांना आम्ही विचार करीत होतों. विजेच्या तारा आतां सोलापुरावरून पार गेल्या आहेत. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबई-सोलापूर वंदे भारत निघाली ती त्या तारांखालींच. देशांत मालासाठीं १२,००० अश्वशक्तीचीं विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं आहेत. डिझेलचें राज्य संपत आलें, हें ह्या चौघांसहि ठाऊक आहे. तें टिकून आहे तें कडेकडेनें. ज्या साइडिंगमध्यें क्रेननें किंवा वरून यंत्रानें माल भरावयाचा, तेथें डोक्यावर जिवंत तार चालत नाहीं. म्हणून शेवटच्या मैलभर अंतराला अजून डिझेलचीच गरज लागते. घरांतल्या कर्त्या मुलांनीं कारभार हातीं घेतल्यावर आजोबांकडे देवपूजा आणि वाण्याचा हिशेब उरावा, तसें हें.

वाफेचें इंजिन गेलें तेव्हांहि लोक असेच हळहळले होते. रुंद मापावरची तिची नित्याची सेवा १९९५ सालीं थांबली. आमच्या आजीला मात्र त्या हळहळीचें नवल वाटलें असतें. तिचें घर लाइनीजवळ होतें. सोवळ्याचीं वाळत घातलेलीं लुगडीं काजळीनें काळीं होत, आणि ती गाडीला जी विशेषणें लावी तीं ह्या मासिकांत छापण्याजोगीं नाहींत. काव्य हें बहुधा काजळी न धुणाऱ्यांस सुचतें. परंतु म्हणून जें गेलें त्याची कोणीं नोंदच ठेवूं नये, असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे ऐकून ज्यांच्या घरीं स्वयंपाक होत असे, त्यांच्यापैकीं किती जणांनीं त्या भोंग्याची वेळ कोठें लिहून ठेविली? लिहून ठेवण्याजोगें तें तेव्हां कोणास वाटलेंच नाहीं.

निवाडा आम्हीं असा दिला. परीक्षा होईपर्यंत आठवड्यांतून एकच दिवस, रविवारीं. स्टेशनांत प्लॅटफॉर्मचें तिकीट काढून उभें राहावयाचें. रुळांवर किंवा रुळांलगत पाऊल टाकावयाचें नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १४७ वें कलम आम्हीं त्याला वाचून दाखविलें : विनापरवाना रुळांवर शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तें ऐकून तो हंसला नाहीं, कारण त्याच्याच ओळखीच्या एका मुलाला चित्र घेतांना दुसऱ्या बाजूची गाडी अगदीं जवळ येईपर्यंत दिसली नव्हती, ही गोष्ट त्यानें त्या दिवशीं प्रथमच घरांत सांगितली. त्याची आई त्यानंतर दोन दिवस त्याच्याशीं बोलली नाहीं. आम्हांस वाटतें, कलमापेक्षां तिचें न बोलणेंच त्याला अधिक लागलें.

नाना आतां रविवारीं त्याच्याबरोबर जातात. त्यांना ऐकूं येत नाहीं, परंतु बाकावर हात ठेवून ते येणारी गाडी भरलेली आहे कीं रिकामी, हें सांगतात, आणि बहुधा बरोबर सांगतात. वहींत एक नवा रकाना आला आहे. ड्रायव्हरचें नांव कोणी सांगत नाहीं, म्हणून त्या रकान्यांत 'हात केला' किंवा 'हात केला नाहीं' एवढेंच लिहिलेलें असतें. धाकटे बंधु अजून नाराज आहेत; तथापि गेल्या महिन्यांत जेवतांना त्यांनीं सहज विचारलें कीं, त्या दिवशींचें पाकणीचें इंजिन कोणत्या शेडचें होतें. शेडचें नांव तेलकट धुळीखालीं गेलेलें होतें. पोरगा म्हणतो पुणें, नाना म्हणतात कल्याण, आणि घरांत ह्यावर अद्याप एकमत झालेलें नाहीं.