ठिगळाची लाज

ठिगळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गरिबी उभी राहते. माझे गाव अहमदपूर तालुक्यातले. आमच्या घरची वाकळ ठिगळांचीच आणि नांदेडला शिकायला येताना ती सोबत आणायची मला लाज वाटली होती. पुढे कळले की संगणकाच्या दुनियेत ज्याला ‘पॅच’ म्हणतात ते ठिगळच! मायक्रोसॉफ्टसारखी धनाढ्य कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्याच मालाची ठिगळे जगभर वाटते. आपण मात्र ती लावून घ्यायला कंटाळतो. या कंटाळ्याविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी संध्याकाळी ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या एका दुकानात काम करतो. संगणकाच्या पडद्यावर ‘अपडेट’ची सूचना आली की ‘नंतर’ हे बटण दाबायचे, अशी तेथील रीत होती. मी एकदा विचारले, तर मालक म्हणाले, ‘‘अरे, चाललंय की बरं! चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?’’ एके सकाळी गाडीच थांबली. सर्व फायलींची नावे बदललेली आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारे पत्र! घाव नेमका कोणत्या वाटेने आला हे कोणी तपासले नाही. पण दार कितीतरी दिवस उघडे होते, एवढे खरे. हिशेब गेले, विद्यार्थ्यांचे दाखलेही गेले. मुखेडकडची एक मुलगी रडवेली होऊन उभी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली. ती पुन्हा गावी जाऊन सगळी कागदपत्रे घेऊन आली. आळस दुकानाचा आणि एस.टी.चे भाडे तिचे, हा कोठला न्याय?

हे लहान दुकानातच होते असे नाही. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने या समूहाचे संगणक जगभर निकामी केले. त्या टर्मिनलवरील यंत्रणा मुकी झाली आणि कामे हाताने करण्याची पाळी आली. समूहाला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. आणि हा प्रोग्रॅम ज्या छिद्रांतून पसरला, त्यांतील एकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच देऊन ठेवले होते! त्याच छिद्रातून १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेवर देशांत धुमाकूळ घातला होता. म्हणजे औषध आले मार्चमध्ये, रोग आला मेमध्ये, आणि जूनमध्येही कित्येकांनी औषध घेतलेले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘नॉटपेट्या’ एका दुबळ्या संगणकातून पासवर्ड चोरी आणि त्यांच्या बळावर ठिगळ लावलेल्या संगणकांतही शिरे. एकाच्या गोठ्यात खुरकत आली की सगळ्या गावाची जनावरे धोक्यात येतात, तसेच हे. म्हणून ‘माझा संगणक, माझी मर्जी’ हे म्हणणे टिकत नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अपडेटनेच घात होतो, असे म्हणणारे अगदीच चूक नाहीत. ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पहिल्यांदा पसरला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. परंतु यावरून ठिगळ लावूच नये असे ठरत नाही. ते पारखून लावावे, एवढेच ठरते. आधी एका संगणकावर लावून पाहावे, दोन दिवस नीट चालले की बाकीच्यांवर लावावे. त्याआधी सर्व माहितीची प्रत काढून ती संगणकापासून वेगळी ठेवावी. मर्स्कला शेवटी तारले ते घाना देशातील एका सर्व्हरने. वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता. भारनियमनाला आपण मराठवाड्यातले लोक आजवर शिव्याच देत आलो, पण त्याचाही कोठे उपकार झाला म्हणायचा!

काहींचे ठिगळ येणेच बंद होते. विंडोज एक्सपीची साथ कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. तरी ती एटीएममध्ये चालूच राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना मुदत घालून द्यावी लागली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथही संपली. लातूरच्या आडत बाजारापासून नांदेडच्या मोंढ्यापर्यंत संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या यंत्रावर काय चालते आहे, हे एकदा पाहायला हवे. विकत घ्यायला पैसे नसतील तर चोरीची प्रत वापरण्यापेक्षा फुकट मिळणारे लिनक्स घ्यावे.

माझ्या मते या प्रश्नाचे मूळ पैशात नाही, जबाबदारीत आहे. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही! प्रत्येक दुकानात, पतसंस्थेत, कार्यालयात आणि आपल्या महाविद्यालयातही हे काम एका माणसाच्या नावावर असावे. कोणते यंत्र, कोणते सॉफ्टवेअर, ठिगळ केव्हा लावले, याची नोंद एका वहीत असावी. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात शहाणपण नाही. आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांचे दाखले, गुण, शिष्यवृत्ती सारे आज त्या संगणकांत आहे. ती पोरे पुन्हा पुन्हा गावी जाऊन कागद आणू शकत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आईची वाकळ वसतिगृहात आणली. थंडीत ती फार उपयोगी पडते.