दार उघडताच आत या

मेटलकोअरच्या कार्यक्रमाला लोक उशिरा येतात, याचा मला मनापासून राग येतो. पोस्टरवर तीन-चार बँडची नावं छापलेली असतात, दार साडेसहाला उघडणार हे तिकिटावर लिहिलेलं असतं, तरी निम्मं पब्लिक आठ-साडेआठशिवाय आत पाऊल टाकत नाही. सगळ्यात मोठ्या अक्षरांतलं नाव शेवटी वाजणार असतं ना! मग आधीच्यांना ‘ओपनर’ म्हणायचं आणि त्यांचा वेळ पार्किंगमध्ये गप्पा मारत काढायचा. यात आपलं काय जातं, ते एका रात्रीवरून सांगतो.

2022 च्या हिवाळ्यात किलस्विच एंगेज, ऑगस्ट बर्न्स रेड आणि लाइट द टॉर्च हे तीन बँड मिळून अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले होते. खरं तर हे 2020 च्या मार्चमध्येच व्हायचं होतं, पण महामारी आली आणि सगळं पुढे गेलं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या थिएटरात मी हा दौरा गाठला. खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या काढलेल्या, कित्येकांच्या तोंडावर अजून मास्क. घरात कोंडून घेऊन हेडफोनवर ऐकलेलं संगीत एकदाचं अंगावर घ्यायला माणसं आली होती.

ज्यांनी हे कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्डकोअर पंकचा त्वेष आणि हेवी मेटलचे रिफ यांच्या संगमातून मेटलकोअर झालं, आणि नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये ते चांगलं रुजलं. ओव्हरकास्ट आणि आफ्टरशॉक हे तिथले दोन बँड मोडले आणि त्यांच्यातल्याच मंडळींनी 1999 मध्ये वेस्टफील्डला किलस्विच एंगेज उभा केला. कडव्यात गायक घसा फाडून ओरडतो, ध्रुवपदात मोकळ्या गळ्यानं गातो. मग ब्रेकडाउन येतो: वेग एकदम निम्म्यावर उतरतो, गिटार आणि पायानं वाजवायचा ड्रम एकाच ठोक्यावर जुळतात, आणि तो ठोका कानाआधी बरगड्यांना जाणवतो. इअरप्लग घालूनसुद्धा जाणवतो. आणि ते घालायलाच हवेत, त्यात कमीपणा कसला?

लाइट द टॉर्च मंचावर आला तेव्हा हॉल अर्धा रिकामा होता आणि माइकसमोर हॉवर्ड जोन्स उभा होता. 2002 ते 2012 हा माणूस किलस्विचचा गायक होता. 2004 चा ‘द एंड ऑफ हार्टेक’ हा अल्बम त्याच्याच आवाजातला; त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. पुढे मधुमेह सांभाळत दौरे करणं झेपेना, म्हणून तो बाहेर पडला. त्याच्या जागी जेसी लीच परत आला. परत म्हणजे कसं, तर 2002 चा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ गाऊन, नैराश्यानं आणि गळ्याच्या दुखण्यानं गांजून लीचनं बँड सोडला होता, तेव्हाच हॉवर्डला बोलावलं गेलं होतं. दोघंही तब्येतीनं थकून बाहेर पडलेले, आणि त्यांचे चाहते मात्र किलस्विचचा खरा गायक कोण, यावर वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत राहिले.

तर हा हॉवर्ड जोन्स आपल्याच जुन्या बँडच्या दौऱ्यात सगळ्यात आधी, जेमतेम अर्ध्या तासाच्या वेळात, नव्या बँडची गाणी गात होता. खर्जातून वर चढत जाणारा तो भरदार आवाज मी मंचापासून चार हातांवर ऐकला. मंचासमोरच्या नाचायच्या जागेत, म्हणजे पिटमध्ये, पंधरा-वीस पोरं असतील. म्हणून त्यानं गाण्यात काही कमी केलं नाही.

मग मंच बदलण्याची वेळ झाली. लोक बारकडे पळतात ते याच वेळात, आणि मी मात्र हलत नाही. एकांकिका स्पर्धेत ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावणारी पोरं ज्यांनी विंगेतून पाहिली आहेत, त्यांना हा कारभार लगेच कळेल. काळ्या कपड्यांतली चार-पाच माणसं येतात. चाकांच्या चौथऱ्यावरचा ड्रमसेट ढकलत बाजूला जातो आणि त्याच्यामागे काळ्या कापडाखाली झाकलेला पुढच्या बँडचा सेट उघडा पडतो. ड्रमखालच्या गालिच्यावर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात. कुठल्या स्टँडचा पाय कुठे यायचा, त्याच्या खुणा. त्या रात्री एक मुलगी गुडघ्यांवर बसून झांजेचा स्टँड बोटभर सरकवत होती. पाय खुणेवर आला तसा तिनं स्क्रू आवळला, उठून स्नेअरवर एकच टोला दिला, कान देऊन ऐकलं, आणि हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरवर बसलेल्या माणसाला अंगठा दाखवला. वीसेक मिनिटांत सगळं उभं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून. लहान बँडकडे एवढी माणसं नसतात. तिथे घाम पुसायच्या आत वाजवणाऱ्यांनीच आपल्या केबली गुंडाळायच्या असतात.

मुंबईत स्क्राइब आणि भयानक मौत या बँडच्या काळात अंधेरीच्या बी69 या हॉलमध्ये उभं राहून ज्यांनी हे संगीत ऐकलं, त्यांना हे सांगायला नको. एकच ड्रमसेट सगळ्यांनी वाटून घ्यायचा, झांजा ज्याच्या त्यानं आणायच्या. आणि पहिल्या बँडसमोर पुढे कोण उभं असायचं, तर नंतर वाजवणारे बँड. ही रीत मला कुठल्याही व्हीआयपी पासपेक्षा मोलाची वाटते.

ऑगस्ट बर्न्स रेड पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातले. आमिश लोकांच्या घोडागाड्यांचा हा मुलूख. 2003 मध्ये बँड सुरू झाला तेव्हा ड्रमर मॅट ग्रायनरच्या घरच्या शेतावर, अंडी ठेवायच्या जुन्या कोठीत त्यांची तालीम चालायची. मोकळ्या गळ्याचं ध्रुवपद यांच्याकडे जवळजवळ नसतंच. सगळी मदार तालावर. सम कुठे येणार याचा अंदाज बांधावा, तर ती अर्धी मात्रा आधीच येऊन गेलेली. एव्हाना हॉल भरला होता आणि मधोमध गोल धावणाऱ्यांचा सर्कल पिट फिरू लागला होता. एकाचा चष्मा खाली पडला, तर तो सापडेपर्यंत चौघांनी हात पसरून तेवढी जागा अडवून धरली.

शेवटी किलस्विच. लीच दोन गाण्यांच्या मधे नैराश्याबद्दल उघडपणे बोलतो, हे त्याचं नेहमीचं; ऐकताना हॉल चिडीचूप असतो. मग ‘द सिग्नल फायर’ सुरू झालं. 2019 च्या ‘अटोनमेंट’ अल्बममधलं हे गाणं दोघा गायकांनी मिळून रेकॉर्ड केलेलं आहे. हॉवर्ड विंगेतून चालत आला आणि छत उडेल असा आरडाओरडा झाला. एक ओळ याची, एक त्याची, मग दोघं एकत्र. ज्या दोन नावांवरून एवढी भांडणं झाली, ती दोन्ही माणसं एकमेकांना जागा करून देत एक गाणं गात होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

शेजारचा एक उंच मुलगा माझा खांदा हलवून ओरडला, “हॉवर्ड आलाय! खास आजच्यासाठी आलाय!” मी त्याला सांगितलं, अरे, तो सात वाजता गाऊन गेला, रोज गातो. तो माझ्याकडे बघतच राहिला. आठला आला होता बिचारा. ज्या आवाजासाठी त्याचा जीव कासावीस झाला होता, तो आवाज अर्धा तास त्याच्या तिकिटातच होता.

पैशांचंही बोलायला हवं. पहिल्या बँडला मिळणारं मानधन बहुतेक वेळा डिझेल आणि जेवणखाणातच जातं. हातात चार पैसे राहतात ते टी-शर्ट विकून, आणि त्या विक्रीतूनही कित्येक हॉल आपला वाटा कापून घेतात. ब्रिटनमध्ये फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेनं 2022 मध्ये असा वाटा न घेणाऱ्या हॉलची यादीच जाहीर करायला सुरुवात केली. अमेरिकेत लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीनं 2023 मध्ये आपल्या क्लबांमधली ही कपात थांबवत असल्याचं सांगितलं. बाकी कित्येक ठिकाणी ती चालूच आहे. म्हणून मी शर्ट घेतो तो पहिल्या बँडचा, आणि त्यांचा सेट संपल्या संपल्या. तेव्हा टेबलामागे बरेचदा वाजवणारेच उभे असतात, गाण्यातली कुठली जागा आवडली ते त्यांना तोंडावर सांगता येतं, आणि आपल्या मापाचा शर्टही शिल्लक असतो.