काटा दिला, भरवसा दिला का?



मागच्या हंगामात कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा मी मुलाला म्हटले, "यंदा मजुरीचा हिशोब तूच बघ." वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी एकेकीचे गाठोडे काट्यावर तोलायचे, वजन वहीत लिहायचे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे चुकते करायचे. मुलगा एकोणीस वर्षांचा, हिशोबात माझ्यापेक्षा पक्का. तरी पहिल्या दिवशी तो तोलत होता आणि मी मागे उभा राहून प्रत्येक आकडा पुन्हा वाचत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने तोललेले एक गाठोडे मी परत काट्यावर चढवले. तेव्हा एक वयस्कर मजूरबाई सरळ म्हणाली, "भाऊ, वजन कोनाचं खरं धराचं, तुमचं का पोराचं?"

मुलगा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही खाटेवर ठेवून तो वावरात आलाच नाही. मी घरी कुरकुर केली, "आजकालच्या पोरांना जबाबदारी नको." पत्नी म्हणाली, "जबाबदारी तुम्ही दिलीच कुठे? फक्त काम दिले."

त्या रात्री मला हजरत उसामा बिन जैद (रजि.) आठवले. हिजरी सन 11 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना शामच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या फौजेचे सेनापती नेमले. त्यांचे वय जेमतेम अठरा-एकोणीस. वडील एकेकाळी गुलाम होते. फौजेत हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे ज्येष्ठ सहाबी होते. लोकांत कुजबुज झाली. प्रेषितांनी (स.) आजारपणात, डोक्याला पट्टी बांधलेली असताना, लोकांसमोर येऊन सांगितले की याच्या वडिलांच्या नेमणुकीवरही तुम्ही असाच आक्षेप घेतला होता, बाप लायक होता आणि मुलगाही लायक आहे.

पुढे प्रेषितांचा (स.) विसाल झाला आणि हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाले. फौजेचा सेनापती बदला, असा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. निरोप द्यायला ते स्वतः पायी निघाले आणि तरुण उसामा (रजि.) घोड्यावर होते. हजरत उमर (रजि.) मदीनेत राहावेत अशी खलीफांची इच्छा होती. त्यांनी हुकूम काढला नाही, उसामांकडे (रजि.) परवानगी मागितली. कारण उमर (रजि.) आता त्या सेनापतीच्या फौजेत होते. अधिकार दिला, तर देणाऱ्यानेही तो मानायचा असतो.

हा गुण कोणत्या एका समाजाची मालकी नाही. आपल्या यवतमाळातच 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली. जुन्या मंडळींना ती आठवत असेल. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तिचे पहिले प्राचार्य फ्रँक क्लाइन हे परदेशातून आलेले मिशनरी होते. पुढे ती खुर्ची सफीर अथ्याल या भारतीय माणसाकडे आली. त्यांचा दीन वेगळा, आपला वेगळा. पण ज्यांना शिकवायला आलो, त्यांच्याच हाती एक दिवस कारभार द्यायचा, ही गोष्ट आपणही शिकण्यासारखी आहे. किती तरी संस्थांचे वय वाढते, पण किल्ली त्याच कमरेला राहते.

भरवसा म्हणजे बेफिकिरी मात्र नव्हे. हजरत याकूब (अलै.) यांनी यूसुफना (अलै.) गमावल्यानंतर त्याच मुलांबरोबर धाकट्याला पाठवले. आधी त्यांच्याकडून वचन घेतले, वेगवेगळ्या दरवाजांनी शहरात जा म्हणून समजावले आणि मग अल्लाहवर हवाला ठेवला. आधी नीट शिकवायचे, मर्यादा सांगायच्या आणि नंतर हात काढून घ्यायचा. आपण शिकवत नाही आणि हातही काढत नाही, तिथे बिघडते.

आणि चूक झाली तर? हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) खिदमत केली. ते सांगत की हे का केले, ते का केले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना कधी दरडावले नाही. आपल्या घरात मात्र पेला फुटला की महिनाभर त्याचीच चर्चा असते.

मी मुलाची माफी मागितली, वही परत त्याच्या हाती दिली आणि तोलाच्या वेळी घरीच थांबलो. खरे सांगतो, ते थांबणे मला वावरातल्या कामापेक्षा जड गेले. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्याकडून दोन बायांची वजने एकमेकींच्या नावावर पडली. एकीला पैसे कमी गेले. रात्री वही पडताळताना ते त्याच्याच लक्षात आले. सकाळी तो तिच्या घरी गेला, चूक कबूल केली आणि राहिलेले पैसे देऊन आला. मला नंतर सांगितले. मी मागे उभा असतो तर चूक झाली नसती, पण ती कबूल करून निस्तरायला तो शिकलाही नसता.

आता मुलींचे बघा. मुलगा दहावी होताच त्याला गाडीची किल्ली मिळते. मुलगी बारावीला चांगले गुण आणते, तरी तिच्या प्रवेशाचा अर्ज भाऊ भरतो, बँकेत वडील जातात, एसटीने यवतमाळला जायचे तर सोबत कोणी तरी हवेच. मग उद्या तिच्यावर प्रसंग आला की आपणच म्हणतो, हिला काही जमत नाही. मशिदीच्या कमिटीतही तेच. तरुणांनी सतरंज्या अंथरायच्या, इफ्तारी वाटायची. हिशोबाची वही मात्र वीस वर्षे एकाच कपाटात.

या महिन्यात एवढे करून पाहू. घरातले एक खरे काम, ज्यात पैसा किंवा निर्णय आहे, ते मुलाला किंवा मुलीला द्यावे. कसे करायचे ते एकदा नीट दाखवावे. मग महिनाभर विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. मोहल्ल्यात येत्या रमजानच्या इफ्तारीचा जमाखर्च दोन तरुणांकडे सोपवावा आणि ईदनंतर तो त्यांनीच जमातीसमोर वाचावा.

मुले ही अल्लाहने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहेत. अमानत कुलूप लावून जपली की कर्तव्य संपले, असे नाही. ती उद्या आपल्याशिवाय उभी राहील, इतकी मजबूत करायची आहे. अल्लाह आपल्याला ती हिंमत देवो. आमीन.