छोट्या विमानतळाचा पाहुणा

मोठ्या शहराच्या विमानतळावर तिकीट काढून जाणारा प्रवासी आणि आडगांवच्या धांवपट्टीवर स्वतः विमान घेऊन उतरणारा हौशी वैमानिक, या दोघांच्या प्रवासांत केवढें अंतर आहे याची कल्पना आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस सहसा नसते. पहिल्याची काळजी वाहावयास शेंकडों माणसें व यंत्रें सज्ज असतात. दुसऱ्याची काळजी त्याची त्यालाच वाहावी लागते. आपल्या देशांत सतरा वर्षें पूर्ण झालेल्या, वैद्यकीय तपासणींत व परीक्षेंत उतरलेल्या आणि निदान ४० तास उड्डाण केलेल्या तरुणास अथवा तरुणीस खासगी वैमानिकाचा परवाना मिळूं शकतो. म्हणजे ज्या वयांत कॉलेजची पहिली पायरी चढावयाची, त्याच वयांत हातीं विमान येऊं शकतें. अशा मुलामुलींनीं लहान विमानतळावर जातांना काय लक्षांत ठेवावें, आणि त्यांच्या घरच्यांनीं त्यांस काय सांगावें व काय सांगूं नये, याचा विचार या महिन्याच्या सदरांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचारासाठीं आम्ही मुद्दाम पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवीत आहों. जेथें नित्य चालणारा विमानतळ नाहीं, तें स्थळ कां निवडलें, असें वाचक विचारतील. त्याचें एक कारण ऐतिहासिक आहे. जव्हार संस्थानचे शेवटचे अधिपति यशवंतराव मुकणे महाराज यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हवाई दलांत काम केलें होतें. ‘पतंगशहा’ हें नांव या घराण्यांत पूर्वापार चालत आलेलें; त्या घराण्याच्या अखेरच्या राजानें तें आकाशांत खरें करून दाखविलें, असें कोणी म्हटल्यास त्यास नांवें ठेवतां येणार नाहींत. दुसरें कारण भौगोलिक आहे. जुहू येथील मुलकी विमानतळ १९२८ सालीं सुरू झाला. त्याच सालच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचें उड्डाण-शिक्षण आतां धुळ्यास चालतें. जुहूहून धुळ्यास नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती वैतरणेच्या तलावांजवळून, मोखाड्याचे डोंगर डाव्या हातास ठेवून सह्याद्रि ओलांडते. या जुन्या व नव्या पाठशाळांच्या मधला हा घाट आहे, आणि छोट्या विमानतळाचा खरा धडा तेथूनच सुरू होतो.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या बाजूस, डोंगर आणखी चढत जातात. खालीं खोल दऱ्या, उतारावर नाचणी-वरईचीं शेतें आणि सखल जागीं भाताचीं खाचरें. वरून पाहतां खाचर सारवलेल्या अंगणासारखें सपाट दिसतें; परंतु त्याच्या बांधास चाक अडलें, कीं विमान उलटावयास वेळ लागत नाहीं. म्हणून अशा मुलखावरून जातांना उंचीची कंजुषी करूं नये. लहान विमान इंजिन बंद पडल्यावरहि आपल्या उंचीच्या साधारण आठ-नऊपट अंतर तरंगत कापूं शकतें. जमिनीपासून पांच हजार फुटांवर असणाऱ्यास बारा-तेरा किलोमीटरांच्या टापूंतून उतरण्याची जागा निवडतां येते; हजार फुटांवरून जाणाऱ्यास पायाखालची दरीच मिळते.

उंचीहून मोठा प्रश्न ढगांचा. पावसाळ्यांत या घाटमाथ्यावर ढग डोंगराच्या कुशींत येऊन बसतात, आणि डोंगर कोठें संपला व ढग कोठें सुरू झाला हें कळेनासें होतें. दृष्टीच्या भरंवशावर उडणाऱ्यानें ढगांत शिरूं नये, हा नियम याचसाठीं आहे. क्षितिज दिसेनासें झालें म्हणजे शरीराला वाटणारा तोल खोटा ठरतो. विमान कलंडत असतां तें सरळ चाललें आहे असा भास होतो. आणि सह्याद्रि मोठ्यांचीहि गय करीत नाहीं. याच पर्वतराजींत, मोखाड्याच्या दक्षिणेस जुन्नरच्या बाजूला, ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईस येणारें अलितालिया कंपनीचें जेट विमान डोंगरावर आदळलें आणि त्यांतील ९४ जण प्राणास मुकले. आपण आहों त्याहून पुढें आलों आहों, अशा समजुतीनें तें वेळेआधींच खालीं उतरूं लागलें होतें. अनुभवी वैमानिकांच्या ताब्यांतील मोठ्या जेट विमानाची जेथें ही गत झाली, तेथें चाळीस तासांच्या अनुभवानें काय धाडस करावें?

तेव्हां पहिली सूचना अशी, कीं निघण्यापूर्वींच परतण्याची जागा मनाशीं ठरवावी. ‘वैतरणेच्या तलावांपर्यंत जाईन, पलीकडचा डोंगरमाथा स्वच्छ दिसला तरच पुढें, नाहीं तर माघारीं,’ असा संकल्प जमिनीवर असतांनाच केला, तर आकाशांत मनाशीं वाद घालावा लागत नाहीं.

दुसरी सूचना पाहुणचाराची आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आपल्याकडे त्या शब्दाची फोड करितात. घराच्या उंबरठ्यावर अशा अतिथीस मान आहे. छोट्या विमानतळावर मात्र कोणीं अतिथि होऊं नये. आपल्या देशांत उड्डाणाची योजना अगोदर दाखल करून हवाई संरक्षणाच्या दृष्टीनें दिला जाणारा परवानगी-क्रमांक घ्यावा लागतो. हें तर झालेंच पाहिजे. त्याखेरीज जेथें जावयाचें, तेथील व्यवस्थापकास आदल्या दिवशीं दूरध्वनि करावा. धांवपट्टीची डागडुजी चालू आहे काय, कडेचें गवत कापलें आहे काय, गुरें आंत शिरतात काय, शिकाऊ विमानांची वर्दळ कोणत्या वेळीं असते, सायंकाळीं कुलूप कितीला लागतें, असे साधे प्रश्न विचारावे. अधिकृत सूचनापत्रकें वाचणें अवश्यच आहे, परंतु काल रात्रींच्या पावसानें पट्टीच्या कोणत्या टोकास पाणी सांचलें, हें तेथील पहारेकरीच सांगूं शकतो. त्याला विचारण्यांत कमीपणा मानणाऱ्यानें मोटारच चालवावी.

वरून दिसलेली प्रत्येक धांवपट्टी आपल्यासाठीं नसते, हेंहि ध्यानांत ठेवावें. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वर ओलांडून नाशिकच्या पठारावर आलें, म्हणजे भोंवतालीं दोन पट्ट्या आहेत. ओझरची हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याशीं जोडलेली, व नाशिकरोडजवळील गांधीनगरची लष्कराच्या वैमानिक-विद्यालयाची. दुसऱ्याच्या वाड्याचें दार उघडें दिसलें म्हणून कोणी माजघरांत जात नाहीं. तोच न्याय येथें लागू आहे.

तिसरी सूचना इंधनाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, तेव्हां अहमदाबादेस त्यांच्या विमानाचें पेट्रोल बैलगाडींतून आलें होतें. आज बैलगाडी गेली, परंतु अडचण सर्वस्वीं गेली नाहीं. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनास लागणारें विशिष्ट पेट्रोल प्रत्येक छोट्या विमानतळावर मिळतेंच असें नाहीं. मोठ्या जेट विमानांचें इंधन वेगळें असतें; तें चुकून या टांकींत पडल्यास उड्डाणानंतर इंजिन बंद पडूं शकतें. याकरितां परतण्यापुरतें व वर आणखी कांहीं वेळ पुरेल इतकें इंधन बरोबर असावें. आणि तेथें भरणें झाल्यास स्वतः उभें राहून, रंग व वास पाहून भरून घ्यावें. स्वयंपाकघरांत मीठ व साखर यांचे डबे ओळखून ठेवणाऱ्या गृहिणींस याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

चौथी सूचना उन्हाची. कोयना धरणाच्या कामासाठीं १९५५ सालीं बांधलेली कऱ्हाडची धांवपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फुटांवर आहे. चैत्र-वैशाखांत दुपारीं तेथें पारा ३८ अंशांवर गेला, कीं हवा इतकी विरळ होते, कीं विमानाच्या पंखांस व इंजिनास आपण पांच हजार फुटांहून उंच आहों असें भासतें. म्हणजे कऱ्हाडास उभें असलेलें विमान जणुं महाबळेश्वराच्याहि वरून उडूं पाहतें! धांव सुमारें दीडपट लांबते व चढण मंदावते. सकाळीं एकटा सहज उतरलेला तरुण दुपारीं दोन आप्तांना व त्यांच्या पेट्यांना घेऊन निघतो, तेव्हां अपघात पट्टीच्या शेवटाशीं वाट पाहत असतो. हिशेब कागदावर करावा. उत्तर काठावर आलें तर एक माणूस उतरवावा, अथवा दुसऱ्या दिवशीं पहाटेचा गारवा पाहून निघावें.

आतां प्रत्यक्ष उतरण्याविषयीं. जेथें नियंत्रणाचा मनोरा नाहीं, तेथें ‘उतर’ म्हणणारा कोणी नसतो. पट्टीवरील आंकडा दिशा सांगतो: २७ म्हणजे होकायंत्राचे २७० अंश, अर्थात् पश्चिम. वाऱ्याची कापडी पिशवी कोणीकडे फुगली आहे तें वरून एक फेरी घालून पाहावें व वाऱ्यास सामोरें उतरावें. आपण कोठें आहों, किती उंचीवर आहों, काय करणार आहों, हें ठरलेल्या लहरीवर रेडिओनें थोडक्यांत सांगत राहावें. प्रत्युत्तर आलें नाहीं म्हणून आकाश मोकळें आहे असें समजूं नये. दुसऱ्याचा रेडिओ बिघडलेला असूं शकतो. पट्टीवर गाय, कुत्रें किंवा सायकलवाला दिसला, तर हट्ट न धरितां विमान वर उचलावें आणि पुन्हा फेरी घ्यावी. दुसरी फेरी म्हणजे नापास होणें नव्हे.

उतरल्यावर दोन गोष्टी घरच्यांनींहि पाळावयाच्या आहेत. स्वागतास आलेल्या मंडळींनीं, विशेषतः मुलांनीं, पंखा पूर्ण थांबून वैमानिक खालीं उतरेपर्यंत विमानाजवळ जाऊं नये. फिरणारा पंखा डोळ्यांस दिसत नाहीं. आणि छायाचित्रें काढण्यापूर्वीं तेथील अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. वैमानिकानेंहि विमान दोराने बांधल्याशिवाय जेवावयास जाऊं नये. दुपारची एक वावटळ लहान विमान उलथून टाकावयास पुरेशी होते.

आतां वडीलधाऱ्या मंडळींस चार शब्द. मुलांप्रमाणें मुलींनींहि हें क्षेत्र आपलें केलें आहे. १९८५ सालीं सौदामिनी देशमुख यांनीं केवळ स्त्री-वैमानिकांनीं चालविलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचें नेतृत्व केलें, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरानें अभिमानानें सांगावी अशी आहे. तेव्हां भीतीपोटीं मुलांचे वा मुलींचे पाय ओढावे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु भीतीहून घातक अशी एक गोष्ट घराघरांतून अगदीं प्रेमानें केली जाते. ‘मुंजीचा मुहूर्त नऊचा आहे, तोंवर पोंचलेंच पाहिजे,’ ‘आत्याबाई वाट पाहत बसल्या आहेत,’ ‘एवढा खर्च केलास आणि येतां येत नाहीं?’ ही तीं वाक्यें होत. घाटावर ढग उतरलेले पाहून जो मुलगा शहाणपणानें वळला असता, त्याच्या कानांत हीं वाक्यें घुमतात व तो आणखी एक मैल पुढें जातो. तो एक मैलच पुष्कळांस नडलेला आहे.

टाटांच्या टपाल-विमानांचें उदाहरण पाहा. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निरुपयोगी होई, तेव्हां त्यांनीं चिखलाशीं झुंज घेतली नाहीं. सारा कारभार पुण्यास हलविला आणि विमानें येरवड्याच्या मैदानावर उतरूं लागलीं. यांत कोणास नामुष्की वाटली नाहीं. ज्यांनीं देशास विमानाची टपाल-सेवा दिली, त्यांनीं निसर्गापुढें चार महिने माघार घेतली. मग आपल्या घरच्या मुलानें एका दिवसाची माघार घेतली तर काय बिघडतें?

म्हणून आमची सूचना अशी, कीं ज्या घरांत वैमानिक आहे, त्या घरानें एक अलिखित नियम करावा. मंगलकार्यास विमानानें येणाऱ्याची वाट पाहून कार्य अडवूं नये, आणि तो न आल्यास त्याला कारण विचारूं नये. त्यानें आदल्या दिवशीं आगगाडीनें निघावें, हें उत्तम. आणि तो कधीं मोखाड्याच्या अलीकडूनच परत फिरला व सायंकाळीं ओशाळवाण्या चेहऱ्यानें घरीं आला, तर त्याचें पान मांडून ठेवावें, आणि त्यानें आज नीट पारख केली, असें घरांतील सर्वांत वडील माणसानें चारचौघांदेखत म्हणावें. पुढच्या खेपेस वळण्याचें बळ त्याला त्या शब्दांतूनच मिळणार आहे.