नोटीस उघडेना!

लॅबमध्ये वेबसाईट बनवायची म्हटलं की आपलं आधी काय ठरतं? वर फिरणारे फोटो आणि एका पानासाठी भलीमोठी जावास्क्रिप्ट लायब्ररी. लॅनवर सगळं झटकन उघडतं, सर ‘छान’ म्हणतात, मार्क पडतात. मीही त्यातलाच. विभागाच्या साईटवर परीक्षा फॉर्मची नोटीस टाकायचं काम माझ्याकडे होतं. स्कॅन केली, 3 एमबीची जेपीजी चढवली, मोकळा झालो.

त्याच आठवड्यात माझा रूममेट साखर कारखान्यावर, आई-वडिलांच्या कोपीवर गेला होता. (बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला किती घरं जातात हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.) तिथे रेंजची एकच दांडी. सेकंदाला 100 किलोबिट वेग धरला तर 3 एमबीला 4 मिनिटं लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. त्याचं तुटतच राहिलं. शेवटी त्याने फोन केला आणि मी नोटीस वाचून दाखवली. तोच मजकूर टाईप केला असता तर 5 केबीत बसला असता.

पण असा वाचून दाखवणारा प्रत्येकाला कुठून मिळणार? दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरतो. टाईप केलेलं मराठी तो घडाघडा वाचतो. फोटो आला की नुसतं ‘ग्राफिक’ म्हणून पुढे जातो. फॉर्मच्या रकान्याला लेबल नसेल तर तिथे काय भरायचं तेही कळत नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तर डोळसांनाही उन्हात दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी 2.0 ने 2008 सालीच साध्या मजकुरासाठी 4.5 ला 1 असा कॉन्ट्रास्ट सांगून ठेवलाय.

गंमत बघा, एकेकाळी मराठी पेपरची साईट वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोडने ती कटकट संपवली. आणि आपण पुन्हा मराठीचे फोटो काढून टाकतोय!

सही-शिक्क्याची प्रत हवी, असं ऑफिस म्हणेल. बरोबर आहे. मग मजकूर वर, स्कॅनची लिंक खाली. सरांनाही विनंती, प्रोजेक्टच्या व्हायव्हात साईट एकदा साध्या मोबाईलवर, डेटा पॅकवर उघडायला लावा.

माझी नोटीस मी टाईप करून परत टाकली. 20 मिनिटं लागली, कारण मराठी टायपिंगची सवयच नव्हती.