प्लॅनर विकून घरबसल्या कमाई? आधी हिशेब पाहा

कॅनव्हावर डिजिटल प्लॅनर एकदा बनवा, एट्सी या अमेरिकी ऑनलाइन बाजारात टाका, मग झोपेतही पैसे येतील, असे रील्स सांगतात. अर्धेच खरे. छपाई नाही, कुरिअर नाही. पण दुकानाचे भाडे चुकत नाही. एट्सीवर प्रत्येक डिझाइनमागे 20 सेंट, तेही चारच महिन्यांसाठी. 50 डिझाइन मांडली की विक्री शून्य असली तरी 10 डॉलर गेले. विक्री झालीच तर 6.5 टक्के कमिशन, पेमेंटचे शुल्क वेगळे. कॅनव्हाचे तयार टेम्पलेट जसेच्या तसे विकायला परवानगीच नाही. कोर्स विकणारे हे सांगतीलच असे नाही. नुसत्या ‘डेली प्लॅनर’ला आता कोण विचारतो? नर्सच्या शिफ्ट, वर्गशिक्षिकेचे वेळापत्रक, छोट्या बेकरीच्या ऑर्डरी असे नेमके काम पकडले, तर गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता जास्त.